बॉयलर, जनरेटर आणि शेगडी : पालिकेच्या इमारतींबद्दल वाचकांचे प्रश्न

मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी 2050 हे वर्ष ठरवलं. 2020 पासूनच्या राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानामुळे लहान नगरपरिषदांच्या बैठकांतही हा विषय येऊ लागला. दवाखाने, शाळा, नाट्यगृहं, क्षेत्रीय कार्यालयं, स्मशानभूमी अशा पालिकेच्या मालकीच्या जागांत डिझेल आणि गॅस कसा कमी करायचा, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. घरच्या छतावर सोलर बसवण्याबद्दलची पत्रं वेगळ्या अंकासाठी राखून ठेवली आहेत.

आमच्या नगरपरिषदेने दहा वर्षांत सर्व इमारती डिझेल-गॅसमुक्त करण्याचा ठराव केला आहे. इमारती चाळीसच्या घरात. सगळ्यांचं मत आहे की आधी प्रत्येक छतावर सोलर बसवावं. सुरुवात कुठून करावी?
— नगर अभियंता, सातारा जिल्हा

सोलर नंतर. सुरुवात जळणाऱ्या यंत्रांच्या यादीपासून करा. छतावर पॅनेल आली म्हणून तळघरातला बॉयलर बंद होत नाही. शिवाय पॅनेल किती बसवायची हे बॉयलर विजेवर गेल्यावर वाढणारा भार कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

यादीत इमारतीमागे एक ओळ ठेवू नका, यंत्रामागे एक ओळ ठेवा. डीजी सेट (डिझेल जनरेटर), बॉयलर, गॅसची शेगडी, गॅस गिझर, गॅसदाहिनी, डिझेलवरचा अग्निशमन पंप, सगळं त्यात आलं पाहिजे. प्रत्येकाची प्लेटवरची क्षमता, बनावटीचं वर्ष, ते नेमकं कशासाठी चालतं, महिन्याला किती तास चालतं, गेल्या बारा महिन्यांत किती इंधन लागलं आणि त्याचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून गेले, हे लिहा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: हे यंत्र आपण होऊन कोणत्या वर्षी बदलावं लागेल?

माहिती गोळा करताना अडचण येते ती पैशांच्या वाटांमुळे. विजेचं बिल विद्युत विभाग भरतो, डिझेल दवाखान्याच्या किरकोळ खर्चातून येतं आणि सिलिंडर स्वयंपाकाच्या ठेकेदाराच्या दरात दडलेले असतात. पालिकेचा एकूण इंधनखर्च त्यामुळे कुणालाच ठाऊक नसतो. ठेकेदाराकडून सिलिंडरच्या पावत्या मागा. इंधन पालिकेच्याच छताखाली जळतं, तेव्हा ते यादीत हवंच. विजेसाठी महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, मंजूर भार, करार मागणी (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची याचा महावितरणशी ठरलेला आकडा) आणि बिलात नोंदलेली, प्रत्यक्ष ओढलेली कमाल मागणी घ्या. या कामात पाडून टाकलेल्या इमारतीचा किंवा कधीच भाड्याने गेलेल्या गाळ्याचा मीटर पालिकेच्या नावावर सापडतो, तो तिथल्या तिथे बंद करा.

मग सगळं एका मापात आणा. 1 लिटर डिझेल म्हणजे साधारण 10 युनिट उष्णता, 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर म्हणजे 240 युनिट, पाइप गॅसचा 1 घनमीटर म्हणजे पुन्हा 10 च्या आसपास. आकडे उतरत्या क्रमाने लावले की चाळीस इमारतींपैकी पाच-सहाच वर राहतात. बहुतेक ठिकाणी पहिला क्रमांक रुग्णालयाचा असतो.

आता तो शेवटचा रकाना. बॉयलर वीस-पंचवीस वर्षं चालतो, डीजी पंधरा-वीस वर्षं. आज घेतलेला नवा डिझेल बॉयलर 2045 नंतरही तिथेच असेल, म्हणजे तुमची दहा वर्षांची मुदत त्या एका खरेदीतच मोडली. आणि अशी खरेदी आराखड्याच्या बैठकीत होत नसते. जुलैत बॉयलरची नळी फुटते, शस्त्रक्रिया थांबतात, तातडीची बाब म्हणून ‘होता तसाच’ बॉयलर मागवला जातो. म्हणून येत्या पाच वर्षांत ज्यांचं आयुष्य संपतंय, त्या प्रत्येक यंत्राला विजेवरचा पर्याय कोणता, तो कुठे बसेल, केबल किती जाडीची लागेल, याचं अंदाजपत्रक आधीच तयार ठेवा. सोबत एक साधा ठरावही करून घ्या: यापुढे इंधनावरच्या कोणत्याही नव्या यंत्राला विद्युत विभागाच्या लेखी अभिप्रायाशिवाय प्रशासकीय मान्यता द्यायची नाही. हा ठराव फुकट आहे, आणि आमच्या मते सोलरच्या पहिल्या टप्प्याहून त्याचा उपयोग मोठा आहे.

आमच्या 100 खाटांच्या महापालिका रुग्णालयात डिझेलवरचा वाफेचा बॉयलर आहे. निर्जंतुकीकरण, धुलाई, स्वयंपाक आणि आंघोळीचं गरम पाणी, सगळं त्याच्यावर. एवढ्याच क्षमतेचा विजेवरचा बॉयलर आणला तर काम होईल का?
— सहायक अभियंता (विद्युत), उत्तर महाराष्ट्र

काम होईल, पण बिल पाहून पुढच्याच महिन्यात तो बंद होईल. बॉयलरच्या जागी बॉयलर आणू नका. चार कामं चार यंत्रांवर वाटून टाका.

वाफ लागते ती मुळात एकाच कामाला, निर्जंतुकीकरणाला. आंघोळीच्या पाण्याला 60 अंश पुरतात. त्यासाठी दीडशे अंशांची वाफ करायची, ती शंभर मीटर पाइपातून न्यायची आणि टाकीत सोडायची, यात वाटेतच बरीच उष्णता जाते. कुठे पाइपाचं आवरण गळून पडलेलं असतं, कुठे स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त थंड झालेलं पाणी सोडणारी झडप) उघडा राहून वाफ थेट नाल्यात जाते. रात्री कुणी वाफ वापरत नसतानाही बॉयलर दाब टिकवण्यासाठी डिझेल पीत राहतो. आधी पंधरा दिवस प्रत्येक पाळीला डिझेल टाकीची पट्टी बुडवून नोंद ठेवा. रात्रपाळीचा आकडा म्हणजे जवळजवळ निव्वळ नुकसान.

गरम पाणी: खाटेमागे दिवसाला 60 लिटर धरले तर 6,000 लिटर. 25 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 245 युनिट उष्णता लागते. ऐंशी टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरला 30 लिटर डिझेल, पाइपातली गळती धरली तर 40 च्या पुढे. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे 1 युनिट विजेत 3 ते साडेतीन युनिट उष्णता देतो. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. म्हणजे 75 ते 80 युनिट वीज. युनिट 10 रुपये आणि डिझेल 90 रुपये धरलं, तर रोजचे 800 रुपये विरुद्ध किमान 2,700 रुपये.

यंत्र निवडताना दिवसाचे बारा तास चालेल असं धरा. 20 किलोवॅट उष्णता पुरते. एकच मोठं यंत्र न घेता 12 ते 15 किलोवॅट उष्णतेची दोन घ्या, एक बंद पडलं तर दुसरं निभावून नेईल. विजेचा भार दोन्ही मिळून 8-9 किलोवॅटच्या वर जात नाही. 3,000 लिटरच्या दोन टाक्या, 50 मिलिमीटर पफच्या (उष्णतारोधक फोमच्या) आवरणासह. उत्तर महाराष्ट्रात जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांखाली येतो आणि तेव्हा हीट पंपाची क्षमता पाव ते तिसऱ्या हिश्श्याने घटते. म्हणून ते पहाटे चालवण्याऐवजी टायमर लावून सकाळी 10 ते संध्याकाळपर्यंत चालवा. हवा उबदार असते, छतावर सोलर असेल तर त्याची वीजही तेव्हाच मिळते. टाकीचं तापमान 60 आणि नळांपर्यंत फिरून टाकीत परतणाऱ्या पाण्याचं 50 अंशांच्या वर ठेवा. वीज वाचवायला कुणी ते 45 वर आणलं तर फुप्फुसांचा आजार करणाऱ्या लिजिओनेला जिवाणूला आयतं घर मिळतं. रुग्णालयात तो धोका पत्करू नये.

हीट पंप फसतात ते ठरलेल्या चार कारणांनी. बोअरचं जड पाणी थेट दिलं की उष्णता बदलणाऱ्या पत्र्यांवर क्षार बसतात आणि वर्षाच्या आत यंत्र धापा टाकू लागतं, म्हणून सॉफ्टनर (पाण्यातले क्षार कमी करणारं यंत्र) आणि त्यात मीठ घालण्याची नोंदवही हवी. यंत्र डक्टमध्ये किंवा बंद खोलीत बसवलं की ते स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढतं. परतीची लाइन आवरणाशिवाय असेल आणि पंप चोवीस तास फिरत असेल, तर टाकीत वर साठलेलं गरम पाणी खालच्या गार पाण्यात मिसळून जातं. चौथं कारण कपाळाला हात लावायला लावतं. आणीबाणीसाठी दिलेला हीटर ऑपरेटर एकदा चालू करतो आणि तो तसाच चालू राहतो. नळाला पाणी गरम येतं, तक्रार कुणाची नसते, पण सीओपी एकवर आलेला असतो. त्या हीटरला वेगळा मीटर लावा आणि त्याचा आकडा दर सोमवारी लिहा.

निर्जंतुकीकरणासाठी स्वतःची वाफ करणारे विजेवरचे ऑटोक्लेव्ह घ्या. आकारानुसार प्रत्येकी साधारण 24 ते 36 किलोवॅट. दोन एकाच वेळी तापायला लागू नयेत म्हणून इंटरलॉक घाला, नाहीतर बिलातली कमाल मागणी विनाकारण चढते. पाणी आरओचं द्या. सायकल तीच राहते, 121 अंशांवर 15 मिनिटं किंवा 134 वर 3 ते 4 मिनिटं, पण यंत्र बदललं की जैविक निर्देशकाची चाचणी (मुद्दाम ठेवलेले जिवाणू मरतात का हे पाहणारी) नव्याने करावी लागते, निर्वात प्रकार असेल तर वाफ सगळीकडे शिरते का हे पाहणारी रोजची बोवी-डिक चाचणीही. संसर्ग नियंत्रण समितीची सही झाल्याशिवाय जुनी वाफ तोडू नका, महिनाभर दोन्ही समांतर चालू द्या.

धुलाईत हीट पंपाचं 60 अंशांचं पाणी द्या, वरचे अंश मशीनमधला हीटर भरून काढेल. खरा खर्च वाळवण्यात आहे. 1 लिटर पाणी वाफ करून उडवायला किमान 0.65 युनिट लागतात, तेच पाणी फिरवून काढायला त्याचा लहानसा अंश. म्हणून ड्रायरवर पैसे टाकण्याआधी हायड्रो एक्स्ट्रॅक्टर (कपडे फिरवून पाणी काढणारं यंत्र) चांगल्या वेगाचा आहे का ते पाहा. स्वयंपाकाबद्दल खाली वेगळं उत्तर आहे.

एवढं सगळं विजेवर आलं की करार मागणी वाढवावी लागेल ही भीती रास्त आहे. पण आधी आतली जागा मोकळी करा. 75 वॅटचे 300 पंखे काढून 30 वॅटचे बीएलडीसी लावले की 13 किलोवॅट सुटतात, जुन्या चोकच्या 500 ट्यूब एलईडीवर नेल्या की आणखी 15. उरलेल्या वाढीसाठी महावितरणकडे अर्ज यंत्रांच्या निविदेसोबतच करा, यंत्रं दारात आल्यावर नको. ट्रान्सफॉर्मर वाढवायचा झाला तर तिथेच महिने जातात. एक कागद राहून जातो तोही सांगून ठेवतो: बॉयलर कायमचा बंद केल्याचं बाष्पके संचालनालयाला लेखी कळवा.

वीज कोळशाचीच असेल तर डिझेल-गॅस सोडून उपयोग काय? धूर फक्त आपल्या गावातून कोराडी-चंद्रपूरला पाठवल्यासारखं होत नाही का?
— माजी नगरसेविका, पुणे

काही यंत्रांच्या बाबतीत तसंच होतं, म्हणून सरसकट ‘सगळं विजेवर’ ही घोषणा आम्हाला मान्य नाही. हिशेब करू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे देशाच्या ग्रिडवरच्या 1 युनिटमागे 0.7 किलोच्या किंचित वर कार्बन डायऑक्साइड पडतो. डिझेलच्या 1 लिटरमागे सुमारे 2.7 किलो, एलपीजीच्या 1 किलोमागे सुमारे 3 किलो.

1 युनिट उपयोगी उष्णतेमागे डिझेल बॉयलरचा आकडा 0.34 किलो येतो, पाइपांची गळती धरली की अर्ध्या किलोपर्यंत. हीट पंपाचा 0.2. म्हणजे कोळशाची वीज असूनही हीट पंप आजच जिंकतो. साध्या गिझरचा आकडा 0.7 च्या वर, म्हणजे तो डिझेलपेक्षाही वाईट. मोठ्या इमारतीत गरम पाण्यासाठी गिझरांची रांग लावणं हा या सगळ्यातला सर्वांत महाग आणि सर्वांत घाण मार्ग, तरी तोच सर्वाधिक दिसतो, कारण गिझर दुकानात तयार मिळतो. स्वयंपाकाचं पाहा. गॅसच्या व्यावसायिक शेगडीत निम्म्याहून थोडी जास्त उष्णता भांड्याला मिळते, तिचा आकडा 0.43. इंडक्शनची कार्यक्षमता 85 टक्के धरली तरी ग्रिडच्या विजेवर 0.83. आज इंडक्शन हरतं. डीजीची वीज मात्र युनिटला 0.85 च्या आसपास आणि 28 रुपयांना पडते, ती कुठल्याच हिशेबात बसत नाही.

यातून क्रम आपोआप ठरतो. आधी बॉयलर काढून हीट पंप, त्यासोबत डीजीचे तास कमी करणं, आणि स्वयंपाकघर जेव्हा छतावरच्या सोलरची दुपारची वीज हाताशी येईल किंवा तिथलं नूतनीकरण निघेल तेव्हा. ग्रिडही बदलतं आहे. देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म वाटा निम्म्यावर पोहोचला, पण प्रत्यक्ष युनिटांत कोळसा अजून बराच पुढे आहे. छत अपुरं असेल तर महावितरणकडे जादा दर देऊन हरित वीज घेण्याची सोय आहे. हे आकडे दरवर्षी मार्चमध्ये नव्याने मांडा, आज हरणारं इंडक्शन काही वर्षांनी जिंकेल.

क्षेत्रीय कार्यालयावर 30 किलोवॅटचं सोलर आहे. तरी लाइट गेली की भर उन्हात सोलर बंद आणि डीजी चालू. ठेकेदार म्हणतो असंच असतं. फसवलं गेलंय का?
— कनिष्ठ अभियंता, ठाणे जिल्हा

ठेकेदार खरं बोलतोय. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड गेलं की स्वतःला तोडतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज लागेल. मंजुरी मिळते तीच या अटीवर.

सोलर डीजीसोबत चालवता येतं, पण ग्रिडवरून डीजीवर नेणारा चेंजओव्हर स्विच नुसता फिरवून नाही. समजा डीजी 125 केव्हीए, म्हणजे 100 किलोवॅटचा आणि दुपारचा भार 50. सोलरने 30 दिले तर डीजीवर उरले 20. डीजीला क्षमतेच्या तीस टक्क्यांखाली तासन् तास चालवलं की अर्धवट जळालेलं डिझेल सायलेन्सरमध्ये काळं साचतं. भार आणखी उतरला की वीज उलटी डीजीत शिरून तो ट्रिप होतो. यासाठी सोलरला मागे खेचणारा कंट्रोलर मिळतो. तो बसवला तर इथे सोलर 20 वर अडवावं लागेल. बचत होते, पण बेताची.

आधी डीजीचा अवर मीटर आणि नोंदवही पाहा. महिन्यात 15 तास चालला असेल, त्यातले काही तास साप्ताहिक चाचणीचे असतील आणि कार्यालयात खरोखर अडणारा भार संगणक, नागरी सुविधा केंद्र आणि दिवे एवढाच, धरा 8 किलोवॅट असेल, तर 8 किलोवॅटसाठी 100 किलोवॅटचं इंजिन फिरतंय आणि लिटरला धड 2 युनिटही पडत नाहीत. चांगल्या भारावर 3 ते साडेतीन पडतात. अशा ठिकाणी अत्यावश्यक भाराचा वेगळा डीबी (वीज वाटणारा बोर्ड) करा आणि त्यावर हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्हींवर चालणारा) व लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी द्या. 8 किलोवॅट दोन तास म्हणजे 16 युनिट, 20 किलोवॅट-तासांची बॅटरी पुरे. लेड-ॲसिड घेतली तर ती निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून जवळपास दुप्पट घ्यावी लागते आणि चार वर्षांत बदलावी लागते. बॅटरी अभिलेख कक्षाशेजारी किंवा जिन्याखाली ठेवू नका. हवेशीर, पावसाचं पाणी न शिरणारी, तळमजल्यावरची खोली बघा. एसी आणि लिफ्ट या डीबीवर जोडू नयेत. दोन वर्षांनी कुणीतरी जोडतंच, म्हणून डीबीवर भाराची यादी रंगवून ठेवा.

शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभागाचा डीजी मात्र राहू द्या. तो बदलायची वेळ आली तर 1 जुलै 2023 पासून लागू असलेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (सीपीसीबी) चार-प्लस निकषांचाच येईल, फक्त त्याची क्षमता नव्या मोजणीवर ठरवा, जुन्या प्लेटवर नको.

अग्निशमनाचा डिझेल पंपही काढायचा का?
— नाट्यगृह व्यवस्थापक

नाही. आग लागली की पहिलं काम वीज तोडण्याचं असतं. तो पंप वर्षाला काही लिटर पितो, त्याच्या मागे लागू नका. यादीत ‘कायम’ असा शेरा मारा. तुमच्याकडे खरं काम रंगमंचाच्या दिव्यांत आणि एसीत आहे. 1,000 वॅटचे हॅलोजन एलईडीवर गेले की त्यांची उष्णता काढण्यासाठी लागणारा एसीही हलका होतो.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात इंडक्शन आणायचं ठरलं, पण स्वयंपाकी तयार नाहीत. पोळ्या, भाकरी, फोडणी होणार नाही म्हणतात.
— आहारतज्ज्ञ, महापालिका रुग्णालय

त्यांचं निम्मं बरोबर आहे. वरण, भाजी, भात, दूध, चहा इंडक्शनवर गॅसपेक्षा लवकर होतं. पोळ्या इंडक्शनच्या काचेवर शेकडोंनी होत नाहीत. त्यासाठी थर्मोस्टॅट असलेला विजेवरचा जाड लोखंडी तवा घ्यायचा, त्यावर भाकरीही नीट भाजते. आचेवर फुगवलेला फुलका आणि भाजलेलं वांगं जातं, ते मान्य करून आहार तक्ता बदला. भाताला वाफेची विजेवरची कपाटं चांगली.

घोडं अडतं भांड्यांवर. ॲल्युमिनियमची पातेली आणि तांब्याचे हंडे इंडक्शनवर तापत नाहीत. तळाला लोहचुंबक चिकटतं का हे प्रत्येक भांड्याला लावून पाहा, तळ सपाट हवा. भांड्यांचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच जात नाही, मग यंत्रं येऊन पडून राहतात. दुसरं, 8 किलोवॅटच्या शेगडीला तीन फेज आणि 32 अँपिअरचा औद्योगिक सॉकेट लागतो. भिंतीतल्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर चालवून पाहण्याचा मोह टाळा. तिसरं, शेगडीतला पंखा खालून हवा ओढतो आणि त्यासोबत पीठ, तेलाची वाफ आणि फरशी धुतानाचं पाणीही. इलेक्ट्रॉनिक कार्ड जळण्याचं हे पहिलं कारण. शेगडी जमिनीपासून किमान गुडघाभर उंच ठेवा आणि जाळी आठवड्याला धुवा. 50 लिटरचं भरलेलं पातेलं काचेवर आदळलं की काच गेली, म्हणून भोवती स्टीलची चौकट असलेलं मॉडेल घ्या आणि जड भांड्यासाठी ढकलगाडी ठेवा.

पहिले सहा महिने गॅसचा एक बर्नर राहू द्या आणि सिलिंडर मोजत राहा. 19 किलोच्या सिलिंडरचं काम इंडक्शनवर दीडशे युनिटांच्या आसपास होतं. विजेचा आकडा वाढला आणि सिलिंडर उतरले नाहीत, तर कुठेतरी चहाचं आधण दिवसभर गॅसवरच आहे.

बारा खोल्यांच्या शाळेवर 30 किलोवॅट सोलर बसेल एवढं छत आहे. पूर्ण भरावं का?
— मुख्याध्यापिका, महापालिका शाळा

नाही. शाळेचा वापर महिन्याला 300 युनिट असेल तर वर्षाला 3,600. महाराष्ट्रात 1 किलोवॅट वर्षाला सुमारे 1,400 युनिट देतो, म्हणजे 3 किलोवॅट पुरेत. मे महिन्यात शाळा बंद असते तेव्हाची वीज नेट मीटरिंगमध्ये पुढे जमा होते, पण मार्चअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर तुम्ही भरता त्या दराच्या जवळपासही नसतो. छताला सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोकं पाडू नका, ते तडकतात आणि जुन्या पत्र्यांतल्या ॲस्बेस्टॉसची धूळ वर्गात पडते. आरसीसी छत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, नंतर पॅनेल. उलट क्रमाने केलं तर गळती काढायला सगळा सांगाडा उचलावा लागतो. वाऱ्याचा हिशेब गावाप्रमाणे मागा: भारतीय मानकात पुण्याला सेकंदाला 39 मीटर मूळ वेग धरतात, मुंबई आणि नागपूरला 44. पुण्याचा सांगाडा मुंबईला चालत नाही.

लहान गावात विद्युतदाहिनी घ्यावी की गॅसदाहिनी? महिन्याला दहा-बारा अंत्यसंस्कार होतात.
— नगराध्यक्ष, मराठवाडा

एवढ्या संख्येला दोन्ही नको. विद्युतदाहिनीच्या विटा थंडीतून कामाच्या तापमानाला यायला काही तास घेतात. लागोपाठ अंत्यसंस्कार असतील तरच ती परवडते, दोन-तीन दिवसांतून एकदा पेटवली तर बहुतेक वीज विटा तापवण्यातच जाते. त्यात ऐन वेळी वीज गेली तर कुटुंबाची अवस्था विचारू नका. गॅसदाहिनी लवकर तापते, पण तीही जीवाश्म इंधनावरच. उघड्या चितेला 300 ते 400 किलो लाकूड लागतं. उंच जाळी, बाजूच्या भिंती आणि धुराडं असलेल्या दाहिनीत ते निम्म्यावर येतं. शेतातल्या काडीकचऱ्याचे ठोकळे वापरण्याचा प्रयोग नागपुरात झाला आहे, तुमच्याकडे तुरीच्या आणि कपाशीच्या काड्यांची कमी नाही. लाकूड हे जीवाश्म इंधन नव्हे, त्याचा प्रश्न धुराचा आणि झाडांचा आहे, तो आराखड्यात वेगळ्या पानावर मांडा.

निविदा काढली की सर्वांत स्वस्त यंत्र येतं आणि तीन वर्षांत बंद पडतं. हे कसं टाळायचं? आणि पैसे कुठून आणायचे?
— लेखाधिकारी, महापालिका

‘हीट पंप, 15 किलोवॅट’ एवढंच लिहिलं तर कोणतंही यंत्र बसतं. अट अशी लिहा: हवा 15 अंश, पाणी 20 वरून 60 अंशांवर, या स्थितीत उष्णता क्षमता इतकी आणि सीओपी किमान इतका. कंपन्यांच्या पत्रकातले आकडे उबदार हवेचे आणि कमी तापमानाच्या पाण्याचे असतात, या एका ओळीने निम्मे फुगवलेले आकडे गळतात. उष्णता मीटर आणि वीज मीटर दोन्ही यंत्रासोबतच मागा, त्यांच्या भागाकारातून येणारा सीओपी वर्षभर सरासरी पाळला गेला तरच अनामत परत. पाच वर्षांची सर्वंकष देखभाल मूळ निविदेतच घ्या आणि तिचे पैसे तिमाहीने द्या. बोलीची तुलना खरेदी किंमत अधिक दहा वर्षांची वीज अशी करायची असेल तर ते सूत्र निविदेत आधीच छापा, नंतर लेखापरीक्षणात ते टिकतं. जुना बॉयलर आणि डिझेल टाकी उचलून नेणं त्याच निविदेत घाला.

खासगी कंपनीने स्वतःच्या खर्चाने सोलर बसवून युनिटप्रमाणे पैसे घ्यायचे, हा मार्ग भांडवल नसलेल्या पालिकेला सोयीचा आहे, पण करार 25 वर्षांचा असतो. पाच-सात वर्षांत पाडायची किंवा मजला चढवायची इमारत त्यात देऊ नका. बाकीच्यांच्या करारात पॅनेल एकदा हलवण्याचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्या. घरगुती ग्राहकांना पीएम सूर्यघर योजनेतून मिळणारं अनुदान पालिकेच्या इमारतीला लागू नाही, तो आकडा उत्पन्नाच्या बाजूला धरलेली अंदाजपत्रकं फिरत असतात.

पैशांची खरी अडचण अशी की खर्च भांडवली शीर्षातून होतो आणि बचत महसुली शीर्षात विरघळते. दवाखान्याने 10 लाखांचं डिझेल वाचवलं की पुढच्या वर्षी त्याची तरतूदच 10 लाखांनी कापली जाते, मग वाचवायची इच्छा कुणाला राहील? जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराने 1995 पासून यावर उपाय केला. शहराचा ऊर्जा विभाग इतर विभागांना बिनव्याजी रक्कम देतो, तो विभाग आपल्या ऊर्जाबिलातली बचत रक्कम फिटेपर्यंत परत भरतो, आणि ते पैसे पुढच्या इमारतीला जातात. आपल्याकडे यासाठी स्थायी समितीच्या मान्यतेने अंदाजपत्रकात एक वेगळं लेखाशीर्ष उघडावं लागेल. त्यात पहिली रक्कम टाकून ती अशा कामावर लावा जिथे परतफेड दोन-तीन वर्षांत होते, म्हणजे पंखे, दिवे आणि रुग्णालयाचं गरम पाणी. प्रस्ताव जानेवारीच्या आत लेखा विभागात पोहोचला पाहिजे. फेब्रुवारीत आकडे गोठले की पुढचं सगळं वर्ष वाट पाहावी लागते.